कुसळीचं पडीक परत चराऊ केलं, माझा अनुभव

आमचं बालाघाटाच्या उतारावरचं मुरमाड पडीक रान, नुसतं कुसळी गवत माजलेलं. कोवळी असंल तवर जनावर खातं, पण कुसळ धरलं की शेरडा-मेंढरांच्या तोंडात रुततं अन् चांगलं गवत तर चरून चरून संपलेलं.

पहिलं काम चराई बंद, हे सगळ्यात महत्त्वाचं, बी नंतर. कुसळी फुलोऱ्याआधीच कापून टाकली म्हणजे बी पडत नाही. मग उन्हाळ्यात उताराला आडवे उथळ तास (सऱ्या) मारले, सगळं रान नांगरायचं नाही, माती वाहून जाते. तासात कुजलेलं शेणखत अन् सुपर फॉस्फेट टाकलं, कारण त्यात पेरायचं स्टायलो हे शेंगवर्गीय चाऱ्याचं पीक, हवेतला नत्र स्वतःच मुळांच्या गाठीत धरतं, त्याला स्फुरद (फॉस्फरस) लागतो, युरियाची गरज नाही.

स्टायलोचं बी टणक असतं, गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून मगच पेरा, नाहीतर उगवण लई कमी येते. पवन्या, अंजन या चराऊ गवतांचं बी हलकं, वाऱ्यानं उडतं, म्हणून ओलसर माती-शेणात कालवून मृगाच्या पावसावर टाकलं, वर नुसती काटेरी फांदी ओढली, खोल गाडायचं नाही. मारवेल गवत मात्र ठोंबानंच (मुळासकट फुटव्यानं) लावा. फुले मारवेल ०६-४० ही राहुरी कृषी विद्यापीठाची जात चांगली आहे.

पहिल्या वर्षी जनावर अजिबात सोडू नका, गवत पिकून बी झडू द्या, नंतर विळ्यानं कापा. आमच्या लाल कंधारी गायी आता ते आवडीनं खातात, अन् पावसाचं गढूळ पाणी खाली पळत होतं तेही बरंच थांबलंय.