लुईझ फाराँक ऐकायला सुरुवात कुठून करावी

ठाण्यात पाचपाखाडीला माझ्याकडे पियानो शिकायला येणारी मुलं ग्रेडच्या परीक्षेपुरती बाख, मोझार्ट, बीथोवन, शोपँ एवढी नावं पाठ करून येतात. परीक्षा संपली की मी त्यांना आणखी एक नाव लिहून देते आणि सुट्टीत ऐकून या म्हणते. आता त्यांचे आईवडीलही विचारू लागलेत, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे. नाव आहे लुईझ फाराँक, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच संगीतकार. शोधताना आडनावाचं स्पेलिंग एफ, ए, डबल आर, ई, एन, सी असं टाका. उच्चारावरून शोधलंत तर भलतंच काहीतरी समोर येतं.

फाराँकबाई 1804 मध्ये पॅरिसमध्ये जन्मल्या आणि 1875 मध्ये तिथेच वारल्या. शोपँच्या सहा वर्षं आधी आल्या, त्याच्यानंतर सव्वीस वर्षं जगल्या. सुरुवातीला एवढं पुरे, बाकीचं चरित्र आत्ता वाचू नका. ‘विस्मरणात गेलेली स्त्री संगीतकार’ असं मनाशी धरून ऐकायला बसलं की आपण कौतुकाने ऐकतो, लक्ष देऊन ऐकत नाही. या बाईंना लक्ष हवं आहे.

सुरुवात करा ‘नोनेट’पासून, ऑपस (म्हणजे रचनेचा क्रमांक) 38, साल 1849. नऊ वाद्यांची रचना आहे: व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बेस, आणि फुंकून वाजवायची पाच, म्हणजे बासरी, ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, बासून. आधी या नऊ आवाजांची ओळख करून घ्या. प्रत्येक वाद्याचा एकट्याचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ पाहिला तरी काम होतं. ओबो आणि क्लॅरिनेट यांत गल्लत होते, तिथे जास्त वेळ द्या. ओबो थोडा नाकातला, धारदार. क्लॅरिनेट गोल आणि खालच्या सुरांत गडद.

मग पहिला भाग सोडून थेट दुसरा लावा. माझे विद्यार्थी इथे हमखास ‘असं मधूनच कसं?’ विचारतात. कारण साधं आहे. आपला कान एका गळ्यामागे जायला सरावलेला असतो. गायक मुख्य, हार्मोनियम त्याच्या पाठी, तबला ठेका धरून. इथे मुख्य कोण हे सतत बदलत राहतं, आणि नवख्या कानाला तो नुसता गलबला वाटू शकतो. दुसऱ्या भागात मात्र आधी एक साधी चाल येते आणि मग तिचेच एकामागून एक वेगळे अवतार. चाल गुणगुणता येईपर्यंत सुरुवातीचाच तुकडा परत परत लावा. तोंडात बसली की पुढे जा, आणि प्रत्येक अवतारात एकच प्रश्न विचारा: आत्ता चाल कोणाकडे आहे? उत्तर कागदावर लिहा. हा कागद मी तपासते. उत्तर चुकलं तरी चालेल, कारण लिहिण्याच्या निमित्ताने कान जागा राहतो.

त्यानंतर तिसरा भाग, स्कर्त्झो, म्हणजे चपळ, खेळकर तुकडा. सुरुवातीला तंतुवाद्यं गज न लावता, बोटाने तारा छेडत येतात. लहान मुलांना हा भाग सगळ्यात आधी आवडतो. मग शेवटचा, आणि सर्वांत शेवटी पहिला.

पूर्ण नोनेट साधारण अर्ध्या तासाचा आहे, म्हणजे ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या लोकलमध्ये बरोबर बसतो. माझी एक विद्यार्थिनी ऐरोलीला नोकरीला जाता-येता तो ऐकते. पण पहिलं ऐकणं गाडीत नको. पहिल्या आणि चौथ्या भागाची सुरुवात संथ आहे आणि गाडीच्या खडखडाटात हळुवार सूर बुडून जातात. ते घरी, रात्री दहानंतर, रस्त्यावरची वाहनं जरा कमी झाली की ऐका. एकदा ओळख झाली की मग खुशाल गाडीत लावा.

आता चरित्र, कारण या रचनेशी ते थेट जोडलेलं आहे. फाराँकबाईंचं माहेर शिल्पकारांचं. भाऊ ओग्यूस्त द्युमाँ याने घडवलेली सोनेरी मूर्ती पॅरिसच्या बास्तीय चौकातल्या स्तंभावर आजही उभी आहे. बाई पंधराव्या वर्षापासून संगीतकार आंतोन राइखा यांच्याकडे संगीतरचना शिकल्या. 1821 मध्ये बासरीवादक आरिस्तीद फाराँक यांच्याशी लग्न झालं. त्यांनी पुढे प्रकाशनसंस्था काढली आणि बायकोच्या रचना छापल्या. 1842 मध्ये पॅरिस कॉन्झर्व्हातोआर या संगीत महाविद्यालयात बाईंना पियानोच्या प्राध्यापकाचं पद मिळालं आणि त्यांनी ते तीस वर्षं सांभाळलं. पगार मात्र पुरुष प्राध्यापकांपेक्षा कमी. 1850 मध्ये नोनेटचा पहिला जाहीर प्रयोग झाला, व्हायोलिनवर होता 18 वर्षांचा योझेफ योआखिम. प्रयोग गाजला, आणि त्याच वर्षी बाईंनी कॉन्झर्व्हातोआरचे संचालक ओबेर यांच्याकडे समान पगाराची मागणी केली. ती मान्य झाली. मी स्वतः फी ठरवताना संकोचणारी शिक्षिका आहे, आणि हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो: आधी काम वाजवून दाखवलं, मग हक्काचं मागितलं, आणि उशीर केला नाही.

दुसरा टप्पा सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना. तीन आहेत, त्यांतली तिसरी, जी मायनरमधली, ऑपस 36, आधी घ्या. एकटा ओबो सुरू होतो आणि मग बाकीचा वाद्यवृंद जागा होतो. नोनेटमध्ये ओबो ओळखायला शिकलात त्याचा उपयोग इथे होईल. दुसऱ्या भागात क्लॅरिनेटची लांब, शांत चाल आहे, ती माझ्या मते बाईंनी लिहिलेली सर्वांत सुंदर चाल. त्या काळी पॅरिसमध्ये नाव व्हायचं ते ऑपेरामुळे. बाईंनी एकही ऑपेरा लिहिला नाही. मुख्यतः वाद्यसंगीतच लिहीत राहिल्या. लॉरान्स एकिल्बे यांच्या संचालनाखाली इन्सुला ऑर्केस्ट्राने केलेलं ध्वनिमुद्रण मिळालं तर तेच घ्या, त्यात फुंकवाद्यं स्पष्ट ऐकू येतात.

पियानो वाजवणाऱ्यांनी नुसतं ऐकून थांबू नये. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर बाईंच्या रचनांचं नोटेशन मोफत मिळतं. छापून स्पायरल बाइंडिंग करून घ्या, सुटी पानं स्टँडवरून उडतात. ग्रेड तीन-चारपर्यंतच्या मुलांनी ऑपस 50 मधले सोपे एत्यूद (सरावाचे तुकडे) घ्यावेत, एकूण 25 आहेत. हात तयार झालेल्यांनी ऑपस 26 कडे वळावं: 30 एत्यूद, सगळ्या मेजर-मायनर स्केलमध्ये. नुसते बोटांचे व्यायाम समजून ते रेटू नका. डाव्या हाताला जिथे स्वतंत्र चाल दिली आहे तिथे तो हात एकटा वाजवून आधी गाऊन घ्या.

बासरी वाजवणारं कोणी घरात असेल तर ऑपस 45 ऐका: बासरी, चेलो आणि पियानो. हे बाईंचं उत्तरायुष्यातलं काम. 1859 मध्ये त्यांची मुलगी व्हिक्तोरीन, स्वतः उत्तम पियानोवादक, गेली. त्यानंतर बाईंचं लेखन जवळजवळ थांबलं. त्या पियानो आणि त्याच्या आधीचं वाद्य हार्प्सिकॉर्ड यांच्या जुन्या संगीताचं संपादन करत राहिल्या. ‘त्रेझोर दे पियानिस्त’ या मालेचे 23 खंड 1861 ते 1874 दरम्यान निघाले. 1865 मध्ये पती गेल्यावर उरलेलं काम बाईंनी एकटीने पूर्ण केलं.

सुरुवातीच्या काळातल्या व्हेरिएशन्स (एकाच चालीचे वेगवेगळे अवतार) आणि राँदो (मूळ चाल परत परत येते अशा रचना) सवडीने ऐकल्या तरी चालतील. त्यातलं ऑपस 17, एका रशियन चालीवरचं, तेवढं वगळू नका. 1836 मध्ये जर्मन संगीतकार शूमानने आपल्या नियतकालिकात त्याचं मनापासून कौतुक केलं होतं. पहिल्या दोन सिंफनी तिसरी ओळखीची झाल्यावर घ्या, आधी दुसरी, मग पहिली.