मूल ‘ढ’ ठरवण्याआधी वर्गात करून पाहायच्या गोष्टी

वर्गातल्या पाच हुशार मुलांची नावं लिहा आणि ते हुशार आहेत हे तुम्हाला कशावरून कळलं, तेही प्रत्येकापुढे लिहा. चौघांपुढे ‘पटकन हात वर करतो’, ‘अक्षर सुंदर’, ‘न घाबरता बोलते’ असंच आलं, तर ती यादी धिटाईची आणि टापटिपीची झाली.

धिटाईला सगळीकडे बुद्धी म्हणत नाहीत. झांबियातल्या चेवा लोकांच्या ‘न्झेरु’ या शब्दात तल्लखपणाबरोबर जबाबदारीही येते. आपल्याकडेही ‘हुशार’ वेगळा आणि ‘शहाणा’ वेगळा. मोठ्यांपुढे गप्प राहणं हा ज्या घरात शहाणपणा, तिथलं मूल वर्गात मागे पडलेलं दिसतं.

म्हणून प्रश्न विचारल्यावर मनात तीन सेकंद मोजा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत होते. थांबणं वाढलं तशी उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. उत्तर आल्यावरही तेवढंच थांबा. लगेच ‘शाब्बास’ म्हटलं की मुलाचा पुढचा विचार तिथंच तुटतो.

मग एकाच प्रकारचं गणित तीन तऱ्हांनी द्या: आधी तोंडी, खरेदी-विक्रीचं, मग शाब्दिक उदाहरण, शेवटी नुसते आकडे. क्रम उलटा केलात तर कागदाची धास्ती तोंडी उत्तरातही उतरू शकते. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात माल विकणाऱ्या पाच मुलांवरचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. बाजारात त्यांचे ९८ टक्के हिशेब बरोबर आले, शाब्दिक उदाहरणांत ७४ टक्के आणि नुसत्या आकड्यांत अवघे ३७. त्यांतल्या एकाला विचारलं: ३५ चा एक, असे १० नारळ कितीला? त्याचा हिशेब असा: तीनाचे १०५, सहाचे २१०, नवाचे ३१५, वर ३५ म्हणजे ३५०. शून्य जोडायचा नियम यात कुठेच नाही, पण विचार पक्का आहे. म्हणून ‘किती आलं?’ एवढ्यावर थांबू नका, ‘कसं काढलंस?’ हेही विचारा.

वस्तूंचे गट करायला सांगाल तेव्हा ‘अजून कसे लावता येतील?’ हा प्रश्न हवाच. लायबेरियातले क्पेले शेतकरी सुरी आणि फळ एकत्र ठेवत, कारण सुरीनं फळ कापतात. मूर्ख माणूस कसे लावील, असं विचारल्यावर त्यांनी अवजारं एकीकडे, खाद्यवस्तू दुसरीकडे अशी चोख विभागणी करून दाखवली.

नोंदवहीत ‘गणितात कच्चा’ लिहू नका. ‘तोंडी ४ पैकी ४, लेखी ४ पैकी १, हातच्याला अडतो’ असं लिहा. महिन्याभरानं पाच नावांची यादी नव्यानं करा आणि पहिलीशेजारी ठेवा.