पासपोर्ट फोटोची साईज नीट कशी जुळवायची: एमएम, पिक्सेल आणि केबीचा घोळ

फॉर्मवर लिहिलेलं असतं ३५ बाय ४५ एमएम, वेबसाईट मागते पिक्सेल, आणि सगळं भरून झाल्यावर लाल अक्षरात येतं की फाईल मोठी आहे. एमएम हे कागदावरचं माप, पिक्सेल म्हणजे फोटोत ठिपके किती, आणि केबी म्हणजे फाईल किती जड. तिन्हींचा एकमेकांशी संबंध आहे पण तिन्ही एक नाहीत. केबी जास्त झाले म्हणून फोटो वरून कापत बसणारे लोक आहेत बरं का, मग केबी थोडेसेच उतरतात आणि डोक्याचा शेंडा गायब.

आधी कुठल्या देशासाठी पाहिजे ते बघा, कारण सगळीकडे चालेल अशी एकच "पासपोर्ट साईज" नाहीच आहे. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून असतो तो) ३५ × ४५ एमएम, ब्रिटनलाही तेच. अमेरिकेला २ × २ इंच, म्हणजे साधारण ५१ × ५१ एमएम, पूर्ण चौरस. कॅनडाच्या पासपोर्टला ५० × ७०, चीनच्या व्हिसाला ३३ × ४८. उभ्या फोटोचा चौरस करायला गेलं की बाजूला जागा उरत नाही आणि मग लोक फोटो ताणतात. अजिबात ताणायचा नाही, चेहरा रुंद होतो आणि बघणाऱ्याला ते लगेच कळतं.

आता एक गोष्ट जी बरेच जण बघतच नाहीत: बाहेरची चौकट बरोबर आली तरी आतलं डोकं किती मोठं दिसतंय त्याचंही माप ठरलेलं असतं. हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंत शेंगेनला ३२ ते ३६ एमएम, ब्रिटनच्या छापील फोटोला २९ ते ३४, अमेरिकेला २५ ते ३५. म्हणजे शेंगेनसाठी काढलेला, ३५ एमएम डोकं असलेला फोटो ब्रिटनला चालणार नाही, चौकट तीच असली तरी. पट्टी घ्या आणि मोजा, नुसतं बघून "ठीक वाटतंय" म्हणू नका.

फोटो काढताना सेल्फी नको. हात जेमतेम अर्धा-पाऊण मीटर जातो, त्यामुळे नाक मोठं दिसतं आणि कान मागे पळतात. कुणाला तरी दीड मीटर लांब उभं करा, मागचा कॅमेरा, फोन तुमच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि डोक्याच्या वर आणि खांद्यांच्या बाजूला भरपूर जागा सोडायला सांगा, कापायचं काम नंतरचं. भिंतीला चिकटून उभं राहू नका, निदान अर्धा मीटर पुढे या नाहीतर मागे सावली पडते. तोंड खिडकीकडे. पोर्ट्रेट मोड बंद, कारण तो केसांच्या आणि कानांच्या कडा धूसर करून टाकतो. ब्यूटी फिल्टर पण बंद, आणि एआयने बॅकग्राउंड, कपडे वगैरे बदलायच्या भानगडीत तर पडूच नका. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा शर्ट घातला तर खांदे दिसतच नाहीत. चष्मा काढून ठेवलेला बरा, अमेरिकेने तर नोव्हेंबर २०१६ पासून चष्म्यातले फोटो बंदच केलेत.

मग कापणं. एडिटरमध्ये क्रॉप उघडलं की रेशो, म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण, विचारतो, तिथे ३५:४५ टाका, किंवा ७:९, एकच आहे. आधी क्रॉप, नंतर रिसाईज (म्हणजे पिक्सेल किती ते ठरवणं), हा क्रम सोडू नका. पिक्सेल किती ठेवायचे? एमएमला २५.४ ने भागायचं म्हणजे इंच येतात, आणि ३०० ने गुणायचं, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके (यालाच डीपीआय म्हणतात), झालं. ३५ × ४५ चे येतात ४१३ × ५३१ आणि २ इंचाचे ६०० × ६००. हे छापायला पुरतं. मोठा फोटो लहान करता येतो, लहान फोटो मोठा केला तर नुसता धूसर होतो. आणि कुठल्या तरी सॉफ्टवेअरमध्ये ७२ डीपीआयच्या जागी ३०० लिहिलं म्हणून फोटो काही स्पष्ट होत नाही, पिक्सेल तेवढेच असतील तर तो नुसता आकडा बदलला.

ऑनलाइन अपलोडचं गणित वेगळं. अमेरिकेच्या व्हिसा फॉर्मला, म्हणजे डीएस-१६० ला, ६०० × ६०० ते १२०० × १२०० पिक्सेलचा जेपेग लागतो, २४० केबीच्या आत. ब्रिटनच्या पासपोर्टला कमीत कमी ६०० × ७५० पिक्सेल, आणि फाईल ५० केबी ते १० एमबीच्या मधली, म्हणजे फार हलकी फाईलसुद्धा चालत नाही, आणि वरचा ४१३ × ५३१ वाला तर इथे लहानच पडतो. केबी उतरवायचे तर आधी पिक्सेल मर्यादेत आणा, तरी जास्तच असतील तर सेव्ह करताना क्वालिटी ९०, ८५ अशी हळूहळू खाली आणा. आयफोनचा फोटो बऱ्याचदा एचईआयसी नावाच्या वेगळ्या फॉर्मॅटमध्ये असतो, तो एक्स्पोर्ट करून जेपेग करा. फाईलच्या नावात पीएनजी (हाही फोटोचा एक फॉर्मॅट) खोडून जेपीजी, म्हणजे जेपेगच, लिहिलं तर फक्त नाव बदलतं, आत फाईल पीएनजीच राहते आणि वेबसाईटला ते कळतं. व्हॉट्सॲपवरून पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलात की तो दाबून लहान करतो.

छापायचा असेल तर ४ × ६ इंची फोटो पेपरवर ३५ × ४५ चे आठ बसतात, पेपर आडवा धरून चार-चारच्या दोन ओळी, वर कडेला थोडी जागाही उरते. प्रिंटच्या सेटिंगमध्ये "फिट टू पेज" बंद करून १०० टक्के ठेवा. बॉर्डरलेस पण नको, कारण त्यात प्रिंटर कडा भरायला चित्र किंचित मोठं करतो आणि तुमचे ४५ चे ४६ होतात. कापायच्या आधीच एक फोटो पट्टीने मोजा, आठही कापून झाल्यावर मोजून काय उपयोग.

उरलेले प्रिंट वर्षानुवर्षं जपून ठेवू नका, ब्रिटनला महिन्याभरातला फोटो लागतो आणि अमेरिकेला सहा महिन्यांतला. ठेवायचीच तर न कापलेली मूळ फाईल ठेवा, तेवढ्या काळात दुसऱ्या मापाचा लागला तर त्यातूनच परत कापता येतो.