पँथिऑन पाहायला जाताना

रोमला जायचं ठरलं की बहुतेकांच्या यादीत पहिलं नाव कलोसियमचं असतं. ते बघाच. पण पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिरासाठी अर्धा दिवस राखून ठेवा आणि त्याची तयारी घरूनच करून निघा. पहिल्यांदा मी गेले तेव्हा घुमट बघितला, फोटो काढले आणि वीस मिनिटांत बाहेर आले. दुसऱ्यांदा महिनाभर वाचून, आईला घेऊन गेले. तेव्हा आतबाहेर मिळून आम्ही तीन तास होतो आणि निघताना आईचा पाय निघत नव्हता.

कागदपत्रांचं आधी उरकून टाका. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पंधरा दिवसांच्या आत आलं तर उशीर झाला म्हणून समजा, आणि मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर दोन-तीन महिने हातात ठेवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट निदान तीन महिने चालू असला पाहिजे. पँथिऑनला जुलै २०२३ पासून तिकीट आहे. ते अधिकृत संकेतस्थळावरून आधीच काढा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, पण त्या दिवशीच्या गर्दीत निवांतपणा मिळत नाही. मी तरी साधा वार निवडेन.

आता खरी तयारी. दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे, ती घरीच शिकून घ्या. उच्चार साधारण असा: ‘एम. अग्रिप्पा एल. एफ. कॉस. टर्टियम फेकिट’. ‘एम’ म्हणजे मार्कस, ‘एल. एफ.’ म्हणजे लुसियसचा मुलगा, ‘कॉस’ म्हणजे कॉन्सल (रोमचा वर्षभरासाठी नेमलेला सर्वोच्च अधिकारी), ‘टर्टियम’ म्हणजे तिसऱ्यांदा, ‘फेकिट’ म्हणजे बांधलं. लुसियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा याने, तिसऱ्यांदा कॉन्सल असताना, हे बांधलं. तो काळ इसवी सनापूर्वी २७ चा. आईने या पाच शब्दांची चिठ्ठी करून पर्समध्ये ठेवली होती. चौकात उभं राहून ती एकेक अक्षर लावत गेली आणि शेवटच्या शब्दाला माझा हात घट्ट धरला.

पण त्या नावावर थांबू नका. अग्रिप्पाचं मंदिर इसवी सन ८० च्या आगीत गेलं. पुन्हा उभं केलेलं ११० साली वीज पडून जळलं. आज दिसते ती तिसरी वास्तू. रोमन वीटभट्ट्या विटांवर शिक्के मारत, काही शिक्क्यांत कॉन्सलांची नावं असत आणि त्यावरून साल कळतं. हे शिक्के सांगतात की काम ट्राजन बादशहाच्या शेवटच्या वर्षांत सुरू झालं आणि हेड्रियनच्या कारकिर्दीत, १२५ च्या आसपास, पुरं झालं. हेड्रियनने डागडुजी केलेल्या इमारतींवर मूळ कर्त्याचंच नाव ठेवलं, अशी त्याच्या प्राचीन चरित्रात नोंद आहे. पुढे शंभरेक वर्षांतच डिओ कॅसियस या इतिहासकाराने ही वास्तू अग्रिप्पाचीच धरली. दारावरचं नाव एक सांगतं आणि भिंतीतली वीट दुसरं. हे मनात ठेवून गेलात तर तिथे प्रत्येक गोष्टीकडे नीट बघाल.

जमलं तर निघण्याआधी कोल्हापूरला टाऊन हॉल संग्रहालयात जाऊन या. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची, म्हणजे समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे. ती रोमन व्यापारातून आपल्याकडे आली. पँथिऑनच्या पुढच्या रांगेतले करडे खांब ज्या वाळवंटातल्या खाणीतून काढले, ते नाईल आणि तांबड्या समुद्राच्या मधलं. त्याच वाळवंटातून माल तांबड्या समुद्राच्या बंदरांवर जाई आणि तिथून गलबतं आपल्या किनाऱ्याकडे सुटत. कल्याण आणि सोपाऱ्याची नावं त्या काळच्या ग्रीक प्रवासवर्णनात आहेत. खांब मात्र उलट्या दिशेने गेले, नाईलमार्गे भूमध्य समुद्रात आणि पुढे रोमला. एकेक खांब अखंड दगडाचा, जवळपास बारा मीटर उंच आणि साठ टनांच्या आसपास.

बॅगेत छोटी दुर्बीण हवीच. चौकातून बघताना डाव्या कोपऱ्यातल्या खांबाच्या माथ्यावर ती लावा: दगडात मधमाशी कोरलेली दिसेल. ती बार्बेरिनी घराण्याची खूण. पडलेल्या खांबाच्या जागी याच घराण्यातल्या पोप आठवा अर्बन याने सतराव्या शतकात नवा खांब बसवला. पण याच पोपने मंडपाच्या छताचं कांस्य काढून नेलं, ते मुख्यतः तोफा ओतण्यासाठी. ‘रानटी टोळ्यांनी केलं नाही ते बार्बेरिनींनी केलं’ असं रोमचे लोक तेव्हा म्हणाले. मला अजूनही त्याचा राग येतो.

कपडे खांदे आणि गुडघे झाकणारे असू द्या, कारण हे चालू चर्च आहे. ६०९ साली इथे चर्च झालं आणि म्हणूनच वास्तू जपली गेली. प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना आत सोडत नाहीत, त्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. बूट जाड तळव्याचे घ्या, रस्ते दगडी आहेत.

वेळ दुपारची धरा. घुमटाच्या माथ्याला आठ-नऊ मीटरचं गोल भोक आहे, लॅटिनमध्ये त्याला डोळाच म्हणतात. एवढाच मोठा उजेड आत येतो आणि दिवसभर भिंतीवरून फिरतो. उन्हाळ्यात तिथल्या घड्याळात सूर्य माथ्यावर येतो तो एक-सव्वाच्या सुमारास. त्या आधी अर्धा तास आत असा. एप्रिलच्या २१ तारखेला, रोमच्या स्थापनादिनी, तो झोत नेमका दारावर पडतो. हिवाळ्यात तो घुमटावरून खाली उतरतच नाही. पाऊस असला तरी जा. पाणी आत पडतं आणि किंचित फुगीर फरशीवरून बारीक भोकांत निघून जातं.

आत गेल्यावर आधी मध्यभागी उभे राहा आणि वर बघा. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, फरशीपासून डोळ्यापर्यंतची उंचीही तितकीच. विजापूरचा गोल घुमट आतून सुमारे ३८ मीटर आहे. शाळेच्या सहलीत तो पाहिला असेल तर तो आठवा, म्हणजे हा किती मोठा ते अंगाला कळेल. यात लोखंडी सळई एकही नाही. चुना आणि ज्वालामुखीची राख यांचं काँक्रीट, खाली भारी दगड घातलेलं आणि वर जाताना हलकं होत गेलेलं. अगदी माथ्याजवळ प्युमिस वापरलाय, टाचा घासायचा तो सच्छिद्र दगड. जाडीही खाली सहा मीटर आणि डोळ्याच्या कडेला जेमतेम सव्वा मीटर. डाव्या हाताला चित्रकार राफाएलची समाधी आहे, तिथे दोन मिनिटं थांबा.

बाहेर पडून लगेच निघू नका. वास्तूला वळसा घालून मागच्या गल्लीत जा. तिथे गर्दी नसते. संगमरवर उतरलेल्या उघड्या भिंतीत विटांच्या मोठमोठ्या कमानी दिसतात, आत दार नाही, खिडकी नाही. वरचा भार खालच्या जाड खांबांवर वळवायला त्या घातल्या आहेत. विटा चपट्या आहेत. आई त्यांच्यासमोर चष्मा पुसून बराच वेळ उभी होती, शिक्का कुठे दिसतोय का ते शोधत.