कमांडो छाप्याची हकिकत कशी वाचावी

कमांडो छाप्याची हकिकत हातात आली की गोळीबाराच्या पानांकडे धाव घेऊ नका. आधी नकाशा उघडा आणि विचारा: एवढी माणसं पणाला लावून नेमकं काय मोडायचं होतं?

नवख्यांना मी फ्रान्समधल्या सेंट नाझेर बंदरावरच्या ब्रिटिश छाप्यापासून सुरुवात करायला सांगतो. तिर्पिट्झ ही जर्मन युद्धनौका मावेल अशी फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर एकच सुकी गोदी (जहाज दुरुस्तीसाठी पाणी उपसून कोरडी करता येणारी) होती, ती इथे. तीच निकामी झाली, तर दुरुस्तीची सोय नसलेल्या अटलांटिकमध्ये तिर्पिट्झ उतरणार नाही, हा ब्रिटिशांचा हिशोब.

मग आत शिरायची वाट शोधा. इथे घाई नको, छाप्याचं खरं डोकं इथेच दिसतं. ल्वार नदीच्या मुखाशी नेहमीचा जलमार्ग किनाऱ्यावरच्या तोफांखालून जात होता, म्हणून वाळूच्या उथळ पट्ट्यांवरून जायचं ठरलं. त्याला उधाणाची भरती हवी, म्हणून मार्च १९४२ची अखेर. कॅम्पबेलटाउन ही जुनी विनाशिका हलकी केली. चारपैकी दोन धुराडी काढली आणि उरलेली दोन तिरकी छाटली, अंधारात ती जर्मन वाटावी म्हणून. तरी तिचा तळ दोनदा वाळूला घासलाच. २८ मार्चला पहाटे १ वाजून ३४ मिनिटांनी ती गोदीच्या दरवाजावर आदळली, ठरल्या वेळेपेक्षा फक्त चार मिनिटं उशिरा. पुढच्या भागात सुमारे साडेचार टन स्फोटकं दडवलेली होती. जर्मन लोक जहाजावर फिरत असताना दुपारच्या सुमारास ती उडाली.

परतीची वाट मात्र वेगळी तपासा. सेंट नाझेरला ती लाकडी मोटार-लाँचवर सोपवली होती आणि तोफांपुढे त्या एकामागून एक पेटल्या. सहाशेच्यावर माणसं छाप्यावर गेली होती, त्यांतली १६९ मेली. हा आकडा वाचताना थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

याच्याशेजारी नॉर्वेतलं वेमोर्क ठेवा. फेब्रुवारी १९४३मध्ये योआकिम रोनेबर्ग या नॉर्वेजियन कमांडोच्या तुकडीने पुलावरचा पहारा टाळला, दरीत उतरून गोठलेली नदी ओलांडली आणि पलीकडचा कडा चढून जड पाण्याच्या (जर्मनांना अणुसंशोधनासाठी हवं असलेल्या पाण्याच्या) कारखान्यात शिरली. स्फोटकांच्या वाती दोन मिनिटांच्या होत्या. स्फोट झाल्याची खात्री व्हावी म्हणून रोनेबर्गने त्या तीस सेकंदांवर आणल्या. तेवढ्यात रखवालदाराने आपला चष्मा मागितला, आणि तुकडीने तो शोधूनही दिला. एकही गोळी न झाडता सगळे बाहेर पडले. पाच जण स्कीवरून स्वीडनला पोचले.

पण त्या रात्रीवर पुस्तक मिटू नका, पुढचं वर्षभर वाचा. सेंट नाझेरची गोदी युद्ध संपेपर्यंत बंद राहिली. वेमोर्कचं उत्पादन काही महिन्यांत पुन्हा सुरू झालं; नोव्हेंबर १९४३मध्ये अमेरिकी विमानांनी बॉम्ब टाकले, आणि उरलेलं जड पाणी जर्मनीला निघालं तेव्हा फेब्रुवारी १९४४मध्ये ते नेणारी फेरीबोट नॉर्वेतल्याच ‘तिन’ नावाच्या सरोवरात बुडवावी लागली. तिच्यावर नॉर्वेचे साधे प्रवासीही होते. छाप्याच्या हिशोबात तेही मांडा.