एमबीए सीईटी: साधारण मार्कांच्या मुलांसाठी

महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न, वेळ १५० मिनिटं; म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

गणिताचे ५० प्रश्न, तर्काचे ७५. गणित कच्चं असलं तरी घाबरू नका, सुरुवात तर्कापासून करा. तर्काच्या कोड्यात गोल टेबलाभोवती आठ जण बसवायचे असतील, तर आधी पक्की जागा सांगितलेला मांडा. ‘शेजारी नाही’ ही अट शेवटी लावा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. एका कोड्यात सहा मिनिटं गेली की आठ प्रश्नांचा वेळ बुडाला! दोन मिनिटांत आकृती बसली नाही तर सरळ पुढे जा.

राजापूर-देवगडकडे पावसात लाइट गेली की गणितासाठी १ ते ३० या संख्यांचे वर्ग पाठ करा.