ऑल-व्हील-ड्राइव्ह ऑटोमॅटिक ‘फ्रंट’वर टाकून पेट्रोल वाचवताय? या चुका टाळा

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत जुनी सुबारू (चारही चाकांना ताकद देणारी, म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह, जपानी गाडी) चालवणाऱ्याला कधी ना कधी हा सल्ला मिळतोच: चार गिअरच्या ऑटोमॅटिक आउटबॅकचं किंवा फॉरेस्टरचं बॉनेट उघडायचं, ‘एफडब्ल्यूडी’ (फ्रंट-व्हील-ड्राइव्ह) लिहिलेल्या रिकाम्या जागेत फ्यूज बसवायचा, की गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालते आणि ॲव्हरेज वाढतं. पुढच्या चाकांची गोष्ट खरी आहे. ॲव्हरेजची नाही, आणि त्या नादात चांगला गिअरबॉक्स बिघडू शकतो.

फ्यूज लावला की मागचा भाग थांबतो, हा समज

या गिअरबॉक्समधून पुढच्या चाकांना ताकद थेट जाते. मागच्या चाकांकडे ती गिअरबॉक्सच्या शेपटाकडच्या क्लच पॅकमधून (ऑइलच्या दाबाने एकमेकींना धरणाऱ्या चकत्यांमधून) जाते. फ्यूज बसवला की एक सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) त्या क्लचवरचा ऑइलचा दाब काढून घेतो आणि डॅशबोर्डवर ‘एफडब्ल्यूडी’चा दिवा लागतो. मागे ताकद जायची थांबते, पण मागची चाकं रस्त्यावरच असतात. ती फिरतात, त्यांच्याबरोबर ॲक्सल, डिफरन्शियलचे (चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या जोडणीचे) गिअर आणि मागे ताकद नेणारा लांबलचक प्रोपेलर शाफ्टही फिरतो. ऑइल घुसळलं जातंच, बेअरिंगचं घर्षण तेवढंच, वजनही तेवढंच. नळ बंद करून पंप चालू ठेवला तर विजेचं बिल कमी होत नाही, तसं हे आहे.

बचत जास्तीत जास्त किती होऊ शकते, याचा अंदाज होंडा सीआर-व्हीवरून येतो. २०२३ च्या टर्बो पेट्रोल मॉडेलला अमेरिकी सरकारी चाचणीत फ्रंट-व्हील-ड्राइव्हमध्ये गॅलनला ३० मैल मिळाले, ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये २९. म्हणजे लिटरला साधारण १२.७५ आणि १२.३ किलोमीटर. वर्षाला १५,००० किलोमीटर धरले तर फरक ४० लिटरच्या आसपास. आणि हा फरक मागचं सगळं सामानच नसलेल्या गाडीचा आहे. फ्यूजवाल्या गाडीच्या वाट्याला त्यातला किरकोळ हिस्सा येईल.

फ्यूज कायमचा ठेवून देणं

सोलेनॉइडच्या कॉइलला सतत पूर्ण प्रवाह मिळत राहिला की ती तापते. ती जळली तर नुकसान उलट्या बाजूने होतं. प्रवाह नसताना क्लचवर पूर्ण दाब येतो, त्यामुळे पुढची-मागची चाकं एकमेकांना जखडली जातात. मग पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण कापून वळताना गाडी अडखळते, उड्या मारल्यासारखी चालते.

त्या फ्यूजचं मूळ काम वेगळं आहे. छोटी तात्पुरती स्टेपनी लावली असेल तेव्हा क्लचवर ताण येऊ नये म्हणून तो बसवायचा, आणि पूर्ण मापाचं चाक लागलं की काढायचा. ही स्टेपनी मागेच लावा. पंक्चर पुढे झालं असेल तर मागचं चांगलं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे टाका.

बिघाड शोधतानाही हा फ्यूज फार कामाचा आहे. गाडी वळणावर अडखळत असेल तर फ्यूज लावून त्याच वळणावर पुन्हा हळू फिरवून बघा. अडखळणं गेलं, तर क्लच नीट मोकळा होतो आहे. आधी चारही टायर आणि गिअरबॉक्सचं ऑइल तपासा. गेलं नाही, तर सोलेनॉइड मेला आहे किंवा क्लच अडकला आहे, आणि शेपटाकडचा भाग उघडावा लागेल. एवढी खात्री करून गॅरेजमध्ये गेलात तर नको ती कामं टळतात.

शाफ्टच काढून टाकणं

कृपया करू नका. प्रोपेलर शाफ्ट निघाला की गिअरबॉक्सच्या मागच्या उघड्या तोंडातून ऑइल गळतं. शिवाय काही ताकदवान सुबारू मॉडेलमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ताकद वाटणारं वेगळं डिफरन्शियल असतं. त्यांना हा फ्यूज दिलेलाच नसतो, आणि शाफ्ट काढून चालवल्यास ताकद मोकळ्या बाजूला पळते व क्लच भाजतो.

नव्या गाडीचा कनेक्टर उपसणं

भारतातल्या एक्सयूव्ही ७०० च्या ऑल-व्हील-ड्राइव्ह डिझेलमध्ये, टक्सनमध्ये किंवा कोडियाकमध्ये मागच्या डिफरन्शियलपाशी इलेक्ट्रॉनिक कपलिंग (मागची चाकं गरजेनुसार जोडणारा क्लच) असतं. कोरड्या, सरळ रस्त्यावर गाडी बहुतेक वेळ पुढच्या चाकांवरच चालते, म्हणजे तुम्हाला हवं ते कारखान्यानेच करून ठेवलं आहे. त्याच्या वायरीचा कनेक्टर काढला तर डॅशबोर्डवर दिवे पेटतात, आणि एबीएस किंवा गाडी घसरू न देणाऱ्या ईएसपीसारखी सुरक्षेची यंत्रणाही त्याबरोबर बंद पडू शकते. पावसाळ्यात घाट उतरताना नेमकी तीच हवी असते.

मग ॲव्हरेज गेलं कुठे?

आधी छपराकडे बघा. टपावरचा सामानाचा मोठा बॉक्स अमेरिकी सरकारच्या आकड्यांनुसार हायवेवर ६ ते १७ टक्के मायलेज खातो. सहल संपली की तो उतरवलात तर फ्यूजपेक्षा कितीतरी जास्त वाचेल.

मग हायवेवर एकसारख्या वेगात ॲक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका टेकवा. मागे गाडी नसताना आणि डाव्या पायाची सवय असेल तरच. आरपीएम थोडा वर गेला पाहिजे, कारण टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या ऑइलवर चालणाऱ्या जोडणीचा) लॉक सुटतो. काहीच हललं नाही, तर तो लॉक बहुधा लागतच नाही, आणि तिथे इंधन रोज वाया जातं आहे. हायवेवर तापमानाचा काटा खाली येत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असावा: इंजिन गारच राहतं आणि पेट्रोल जास्त पितं. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर ऑक्सिजन सेन्सर बघून घ्या.

प्रवास संपल्यावर हात प्रत्येक चाकाजवळ न्या, डिस्कला मात्र लावू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक घासतो आहे.

टायरची हवा थंड गाडीत तपासा. टायर बदलायचे तर चारही सारखे घ्या: सुबारूला चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. दोनच नवे टाकले तर सरळ रस्त्यावरही क्लच घसरत राहतो.